कन्सेप्शन : त्या रात्री कोणी जागं नव्हतं

(सर्व वेळा कॅलिफोर्नियाच्या)

२०१८
सांता बार्बराच्या एका कंपनीच्या दोन डायव्हिंग बोटी, व्हिजन आणि कन्सेप्शन. व्हिजनवर चार्जिंगला लावलेल्या एका लिथियम बॅटरीने पेट घेतला. आसपास माणसं होती, बॅटरी पाण्यात टाकली, प्रकरण तिथेच मिटलं. चार्जिंगची पद्धत मात्र दोन्ही बोटींवर तशीच चालू राहिली. माझ्या लेखी दुर्घटनेचं घड्याळ इथूनच सुरू होतं.

३१ ऑगस्ट २०१९, पहाटे ४ च्या सुमारास
कन्सेप्शन बंदरातून निघाली. प्रवासी ३३, खलाशी ६. पंचाहत्तर फुटी बोट, १९८१ ची. लाकडाची, वर फायबरग्लास. ती बांधली तेव्हा डायव्हर रोलवाला कॅमेरा आणत. आता प्रत्येकाकडे मोबाइल, कॅमेरा, पाण्याखालचा दिवा, आणि सगळ्यांना रोज वीज हवी. वार्षिक तपासणीत बोट पास होती. कागद चोख.

१ सप्टेंबर, रात्र
शेवटचं डायव्हिंग आटोपून बोट सांता क्रूझ बेटाच्या प्लॅट्स हार्बरमध्ये नांगरली. मुख्य डेकवरच्या सलूनच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या, मागच्या भागात एक्स्टेन्शन बोर्डांवर चार्जर लागले.

या सलूनच्या खाली झोपायची खोली. बाहेर पडायला पुढे जिना आणि मागे, वरच्या बर्थच्या डोक्यावर, एक झडप. दोन्ही वाटा वर उघडत त्या सलूनमध्येच! तिथे आग लागली तर खालचे सगळे कोंडले जाणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. तरी ही रचना नियमात बसत होती. खाली धुराचे अलार्म होते, पण एकमेकांना जोडलेले नव्हते. सलूनमध्ये एकही नव्हता.

२ सप्टेंबर, पहाटे अडीचच्या सुमारास
स्वयंपाकघरातलं काम उरकून एक खलाशी वरच्या डेकवर झोपायला गेला. त्याला वावगं काही दिसलं नाही. पाच खलाशी वर, सहावी खलाशी आणि सर्व प्रवासी खाली. बोटीच्या परवान्यात रात्रभर फिरत्या पहाऱ्याची अट होती. पहाऱ्यावर कोणीही नव्हतं.

लिथियम बॅटरी आतून तापू लागली की स्वतःच ज्वलनशील वायू सोडते आणि शेजारच्या सेललाही तापवते. पहिल्या काही मिनिटांत भरपूर पाणी ओतलं तर जमतं. त्यासाठी जागा माणूस लागतो.

पहाटे ३:१४
वरचे खलाशी आवाजाने उठले तेव्हा खालचा डेक पेटला होता. कप्तान जेरी बॉयलन यांनी रेडिओवर ‘मेडे’चा संदेश दिला. खलाशांनी खाली उड्या टाकल्या, एकाचा पाय मोडला. सलूनमध्ये शिरायची त्यांची धडपड आग आणि धुरापुढे फसली. पाचही जण पाण्यात उतरले, बोटीची होडी सोडून जवळच्या दुसऱ्या बोटीवर मदतीला गेले.

पहाटे ३:१७
खालच्या खोलीत एका प्रवाशाच्या फोनवर २४ सेकंदांचं चित्रीकरण झालं. ते पुढे न्यायालयात दाखवलं गेलं. खालची माणसं जागी होती, वाट शोधत होती.

उजाडल्यावर
जळालेली बोट किनाऱ्यालगत बुडाली. ३४ मृत्यू, धुराने गुदमरून. त्यांत नागपूरची एक लेक आणि तिचा नवराही होता.

त्यानंतर
अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये आग सलूनच्या मागच्या भागात लागली असावी, असं म्हटलं; कारण मात्र निश्चित झालं नाही. चार्जिंग, बोटीची वायरिंग, विडीकाडी, सगळ्या शक्यता उघड्या राहिल्या. पुढे एका कचऱ्याच्या डब्याकडेही बोट दाखवलं गेलं. पहाऱ्याबाबत संदेह नव्हता: कंपनीने बोटीवर नीट देखरेख ठेवली नाही, हा ठपका अहवालात आहे. बॉयलन २०२३ मध्ये दोषी ठरले, २०२४ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच तटरक्षक दलाने बोटमालकांना लक्ष नसताना लिथियम बॅटऱ्यांचं चार्जिंग आणि एक्स्टेन्शन बोर्डांचा सुळसुळाट आवरायला सांगितलं होतं.

तेव्हा बोटीवर नवा चार्जर, जाड वायर, नवे फ्यूज बसवणाऱ्यांनो, ते जरूर बसवा. पण चार्जिंगची जागा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नका. आणि मुक्कामी बोटीवर चढणाऱ्यांनी कप्तानाला दोन प्रश्न विचारावेत : रात्री जागं कोण राहणार, आणि दुसरी वाट कुठे उघडते?