जंगल : एका शब्दाचा प्रवास

ताडोबाच्या दारात, मोहर्लीच्या फाटकापाशी, पहाटे गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांत मुंबईचा पाहुणा असतो आणि सातासमुद्रापलीकडचाही असतो. दोघांच्या तोंडी शब्द मात्र एकच : जंगल. इंग्रजांनी आपल्याकडून पुष्कळ शब्द नेले. परंतु इतका जगभर हिंडलेला आणि हिंडता हिंडता इतका पालटलेला शब्द विरळाच. त्याची ही हकीकत मोठी गमतीची आहे.

आज इंग्रजाला जंगल म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? दाट झाडी, ओल, वेलींचे जाळे, खाली दिवसाही अंधार. मूळ संस्कृत शब्द 'जांगल'. त्याचा अर्थ नेमका उलटा! चरकसंहितेत देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा. आणि जांगल म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, जिथे आभाळच फार दिसते असा. तिथे मृगजळ दिसते, हरणे आणि तित्तिर पक्षी असतात. जांगल प्राण्यांचे मांस पचायला हलके, असे वैद्य सांगत. महाभारतातले कुरुजांगलही याच शब्दाचे.

आता खरे आश्चर्य पुढेच आहे. चरकाने जांगल देशातली झाडे सांगितली, त्यांत खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, आवळा ही नावे येतात. ही सगळी मंडळी ताडोबात आजही भेटतात! इथले वन शुष्क पानझडीचे. उन्हाळ्यात सागाची पाने गळली की दूरवर नजर जाते. मोहर्लीचे जंगल साहेबाच्या जंगलापेक्षा चरकाच्या जांगलालाच अधिक जवळचे आहे.

मग अर्थ फिरला कसा? लोकभाषांत आणि फारसीत 'जंगल' म्हणजे पडीक, झुडपे माजलेली जमीन असा अर्थ रुळला होता. १७७६ साली हालहेड याने हिंदू कायद्याचा ग्रंथ फारसीवरून इंग्रजीत आणला. त्यात पाच वर्षे ओसाड राहिलेल्या जमिनीला जंगल म्हटले आहे. इंग्रजीतला या शब्दाचा हा अगदी जुना दाखला. पुढे पडीक जमिनीवरची झुडपे, मग दाट अरण्य, असा अर्थ वाढत गेला. १८९४ साली किपलिंगचे 'जंगल बुक' निघाले. त्यातला मोगली शिवनीच्या डोंगरातला. शिवनी आणि आपला चांदा तेव्हा एकाच मध्यप्रांतात होते. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या कादंबरीला 'जंगल' हेच नाव दिले. तिथे झाड एकही नाही. बळी तो कान पिळी, एवढाच अर्थ उरला.

कुणी म्हणेल, शब्दांच्या या खेळाने कुणाचे काय बिघडते? बिघडते, वाचकहो! जमिनीला पडीक म्हटले की तिला धनी नाही असे ठरते, आणि धनी नाही तिथे सरकार धनी होते. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली. मोह, बांबू, गवत यांवरचा गावाचा पिढीजात हक्क ठिकठिकाणी नुसती सवलत होऊन बसला. तो हक्क कायद्याने मानायला २००६ साल उजाडावे लागले. त्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते.

आपल्या मराठीने मात्र एक शहाणपण केले. अरण्यापासून तिने 'रान' काढले आणि ते शेतालाही लावले. शेतकरी रानात जातो तो नांगर घेऊन. रानमेवा गोड, रानभाजी औषधी. आणि एखाद्या कामासाठी माणूस जिवाचे रान करतो. या शब्दात ओसाडी नाही, माणसाचा वावर आहे. यंदाच्या सुटीत मुलांना वाघ दाखवायला ताडोब्याला न्याल, तेव्हा वाटेत त्यांना 'जंगल' आणि 'रान' या दोन शब्दांतला हा फरकही सांगा. वाघ दिसणे नशिबावर असते. हा फरक मात्र वाटेवरच्या प्रत्येक गावात दिसेल.