बसते, पण चालते का? वायुरायफलीच्या मॅगझिनची दोन शतके

१/१५
एअरसॉफ्टच्या छंदात एक प्रसंग हमखास येतो. वायूवर चालणाऱ्या प्रतिकृती-रायफलीसाठी कोणीतरी दुसऱ्याच उत्पादकाचे स्वस्त मॅगझिन आणतो. ते खाचेत नेमके बसते, खटकाही वाजतो. पण चाप ओढताच सारा वायू फुस्सकन निघून जातो. जे इतके अचूक बसले, ते चालले का नाही? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/१५
प्रारंभ ऑस्ट्रियात होतो. सम्राट दुसरा जोसेफ याच्या काळात, १७८० मध्ये, तेथील सैन्याने बार्थोलोमेउस जिरार्डोनी या टिरोलच्या कारागिराची रायफल स्वीकारली. तीत दारू नव्हती, धूर नव्हता, ठिणगी नव्हती. होती ती केवळ दाबलेली हवा. नळीच्या बाजूला सुमारे २० शिसाच्या गोळ्यांची नलिका होती. रायफल कलती करून आडवी पट्टी दाबली की पुढची गोळी जागेवर येई. इतर सैनिक प्रत्येक बारानंतर ठासणी करत होते, त्या काळातली ही गोष्ट.

३/१५
या रायफलीचा दस्ता हीच हवेची टाकी होती. ती फिरवून काढता येई. सैनिकाला तिच्यासोबत दोन जादा टाक्या मिळत. रिकामी टाकी हातपंपाने भरायला सुमारे १५०० वेळा दट्ट्या मारावा लागे आणि एका टाकीत जेमतेम ३० परिणामकारक बार निघत. म्हणजे ‘जादा टाकी’ ही चैन नव्हती. तीच सैनिकाची खरी शिबंदी होती.

४/१५
आणि तिथेच घोडे अडले. टाकी व रायफल यांच्या सांध्यात चामड्याची चकती असे. ती ओलसर ठेवावी लागे. सुकली की हवा गळे. झडपा हाताने घडवलेल्या, सांधे हाताने घासलेले. दुरुस्तीला खास प्रशिक्षित कारागीर लागत आणि रणभूमीवर ते मिळत नसत. १८१५ च्या सुमारास ही रायफल सेवेतून गेली. तिची कल्पना काळाच्या पुढे होती. सांधे मात्र काळाच्याच मर्यादेतले होते.

५/१५
‘कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसावा’ ही कल्पना त्याच काळात फ्रान्समध्ये आकार घेत होती. १७८५ मध्ये ओनोरे ब्लाँ याच्या कार्यशाळेत थॉमस जेफर्सन गेला. तो तेव्हा अमेरिकेचा पॅरिसमधील राजदूत होता. ५० चापयंत्रांचे सुटे भाग त्याच्यापुढे मांडले होते. त्यांतून हाताला येतील ते भाग उचलून त्याने स्वतः काही यंत्रे जोडली, आणि ती जुळली. हे वृत्त त्याने लगोलग अमेरिकेस कळवले.

६/१५
पुढे १८२० च्या दशकात अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने हे काम शिस्तीने तडीस नेले. त्याचे मुख्य साधन होते मापी, म्हणजे गेज. भाग मापीत बसला तर पास, नाही तर बाद. कारागिराच्या नजरेवर विसंबणे नाही. सरकारी परीक्षकांनी अनेक रायफलींचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडून पाहिले व समाधान व्यक्त केले. अदलाबदल हा दावा नसून ती एक चाचणी आहे, हा धडा येथे पक्का झाला.

७/१५
विसाव्या शतकात हाच प्रश्न मॅगझिनला भिडला. १९८० मध्ये नाटो राष्ट्रांनी ५.५६ मिमी काडतूस प्रमाण मानले. अमेरिकी एम-१६ च्या मॅगझिनवर आधारित सामायिक मॅगझिनचा मसुदाही पुढे आला. त्याला औपचारिक मंजुरी कधीच मिळाली नाही, तरी अनेक देशांनी ते माप वापरले. पण लिखित करार नसला की फटी राहतात. पुढे आलेल्या एका लोकप्रिय प्लास्टिक मॅगझिनची पहिली आवृत्ती ब्रिटिशांच्या एसए-८० रायफलीत बसत नव्हती. त्यासाठी निराळी आवृत्ती काढावी लागली.

८/१५
आता जपानकडे वळू, कारण एअरसॉफ्टची जन्मभूमी तीच. युद्धोत्तर जपानमध्ये सामान्य माणसाला बंदूक बाळगणे जवळपास अशक्य होते. धातूच्या हुबेहूब प्रतिकृतींवरही १९७१ व १९७७ च्या कायदादुरुस्त्यांनी कडक बंधने आली. ही हौस मग प्लास्टिकच्या, हलके छर्रे उडवणाऱ्या खेळण्यांकडे वळली. १९८० च्या दशकात वायूवर चालणाऱ्या रायफली आल्या. त्यांपैकी अनेकींना बाहेरच्या टाकीतून नळीने वायू पुरवला जाई. जिरार्डोनीची टाकी जणू दस्त्यातून निघून खेळाडूच्या पाठीवर गेली!

९/१५
मग नळी हटली आणि वायू मॅगझिनच्या पोटात आला. येथे मॅगझिनचे रूपच बदलले. खऱ्या रायफलीचे मॅगझिन म्हणजे स्प्रिंग असलेली पेटी. वायुरायफलीच्या मॅगझिनमध्ये छर्र्यांची वाट आहेच. शिवाय द्रवरूप वायूची टाकी, तळाशी भरण्याची झडप, वर सोडण्याची झडप, आणि रायफलीच्या नॉझलला चिकटणारी रबरी गादी. चाप ओढला की हातोडी झडपेवर आदळते. वायूचा एक झोत छर्रा ढकलतो आणि बोल्टही मागे फेकतो. म्हणजे हे निम्मे इंजिनच झाले.

१०/१५
या इंजिनाला हवामान कळते. जपानमध्ये रुळलेल्या एचएफसी-१३४ए या वायूचा बाष्पदाब ०° सेल्सियसला सुमारे २.९ बार, २०° ला ५.७, तर ३५° ला ८.९ बार असतो. शिवाय प्रत्येक बारासाठी थोडा द्रव उकळतो व मॅगझिनमधलीच उष्णता खेचतो. गॅस भरभर वापरला की घरच्या सिलिंडरच्या अंगावर दव साचते, तसेच हे. सलग बार केले की मॅगझिन थंड पडते, दाब उतरतो आणि शेवटचे छर्रे रेंगाळतात.

११/१५
या वायूमागेही एक आंतरराष्ट्रीय करार आहे. पूर्वी सीएफसी-१२ वापरत. तो ओझोनचा थर विरवतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९५ अखेर थांबले. १३४ए चा दाब २०° ला जवळजवळ तितकाच असल्याने खेळण्यांना हा बदल पचला. जपानबाहेर मात्र ‘ग्रीन गॅस’ पसरला. तो मुख्यतः प्रोपेन, आणि २०° ला त्याचा दाब ८ बारांहून अधिक. एका वायूसाठी आखलेल्या झडपेत दुसरा भरला की सारे गणितच बदलते.

१२/१५
हे गणित कायद्यापर्यंत पोहोचते. वाढीव ताकदीच्या एअरसॉफ्ट बंदुकांनी वाहने व माणसे लक्ष्य केली गेल्यावर जपानने २००६ मध्ये मर्यादा घातली: ६ मिमी छर्र्यासाठी सुमारे ०.९८ ज्यूल. ०.२ ग्रॅमच्या छर्र्यासाठी हा वेग सेकंदाला सुमारे ९९ मीटर होतो. त्यापुढे गेलेले खेळणे बाळगणेच गुन्हा. परक्या मॅगझिनची झडप जास्त वायू सोडत असेल, तर न कळत ही रेषा ओलांडली जाऊ शकते. प्रश्न डोळ्यांचा आहे आणि कोठडीचाही.

१३/१५
आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. एम-४ च्या वायुप्रतिकृती अनेकांनी काढल्या: वेस्टर्न आर्म्सची एक पद्धत, तैवानच्या डब्ल्यूई ची दुसरी, २०१५ च्या अखेरीस आलेल्या टोक्यो मारुईची तिसरी. तिघींचे बाह्यरूप एकाच लष्करी मॅगझिनवरून घेतलेले. आत झडपेची जागा, गादीची उंची आणि छर्र्याचे तोंड मात्र ज्याचे त्याचे. लष्कराने ठरवले ते बाहेरचे माप. आतला वायुमार्ग कोणीच सामायिक ठरवला नाही.

१४/१५
म्हणून जाणते छंदी परके मॅगझिन आधी तपासतात, मग विश्वासतात. प्रथम ते रिकामेच बसवून खटक्यावर हलते का, गादी नॉझलला नीट टेकते का हे पाहतात. मग थोडा वायू भरून झडपा पाण्यात धरतात. बुडबुडे आले की गळती सापडली. पुढे डोळ्यांना संरक्षक चष्मा, तोच वायू, त्याच वजनाचे छर्रे, तेच तापमान ठेवून मूळ व नव्या मॅगझिनचे वेग वेगमापकावर मोजतात. एका भरणीत किती बार निघतात, शेवटच्या छर्र्यानंतर बोल्ट अडतो का, हेही टिपून ठेवतात. हीच हॉलची मापी, नव्या वेषात.

१५/१५
जिरार्डोनीच्या सैनिकाची जादा टाकी सांध्याशी फसत होती. आजचे परके मॅगझिनही बहुधा सांध्याशीच फसते. तेव्हा ओले चामडे, आता रबरी गादी. संग्रहालयात एखादी जुनी बंदूक पाहाल तेव्हा नळी आणि नक्षी जरूर पाहा. पण क्षणभर थांबून तिचे दोन भाग जिथे जुळतात ती जागाही न्याहाळा. तिथे कानशीचे ओरखडे आहेत की मापीने आखलेली कड, यावरून ती कोणत्या युगात घडली हे पुष्कळदा ओळखता येते.