बारा गावचं पाणी प्यायलेला अनेल्का

(पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.)

बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक बेरकी, बिनभरवशाचा गडी येतो. निकोला अनेल्का हा फ्रेंच फुटबॉलपटू मोजून बारा क्लबांकडून खेळला. पॅरिस सेंट जर्मेन, आर्सेनल, रिआल माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, तुर्कस्तानातला फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय शेनहुआ, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि शेवटचं गाव आपलं, मुंबई सिटी. सात देश झाले. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्यातल्या काहींनी त्याला प्रत्यक्ष पाहिलंही असेल.

दर वर्ल्ड कपला त्याचा एक किस्सा फिरत येतो. कोचला आईवरून शिवी घातली, म्हणून भर स्पर्धेतून हाकलला, आणि त्याच्यासाठी अख्खी फ्रान्सची टीम बसमध्ये जाऊन बसली. किस्सा खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा आमच्या धंद्याशी, म्हणजे पेपरवाल्यांशी, संबंधित आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

अनेल्काचा जन्म १९७९ चा. आईवडील मार्टिनिकचे. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट आजही फ्रान्सचाच भाग आहे. पोरगं वाढलं पॅरिसच्या बाहेर त्राप नावाच्या गावात. परदेशांतून आणि दूरच्या बेटांवरून आलेल्या कामकरी लोकांची वस्ती, उंच उंच इमारती. ओमार सी हा नट आणि जमेल देबूझ हा विनोदवीर दोघंही याच गावचे. तिथून तो क्लेरफोंतेनच्या सरकारमान्य फुटबॉल प्रबोधिनीत गेला, सोळाव्या वर्षी पॅरिसच्या पहिल्या संघात उतरला आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत, फेब्रुवारी १९९७ मध्ये, आर्सेन वेंगरनं त्याला लंडनला नेलं. पॅरिसच्या पदरात पडले जेमतेम पाच लाख पौंड.

पुढच्याच मोसमात आर्सेनलनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलवर दुसरा गोल याच पोराचा. त्याच्या पुढच्या मोसमात लीगमध्ये १७ गोल. फेब्रुवारी १९९९ मध्ये वेम्ब्लीवर फ्रान्सनं इंग्लंडला २-० हरवलं, ते दोन्ही गोल त्याचेच. वय एकोणीस! त्या उन्हाळ्यात रिआल माद्रिदनं त्याच्यासाठी सव्वादोन कोटी पौंडांच्या आसपास मोजले. वेंगरनं त्या पैशातून थिएरी ऑन्रीला आणलं आणि क्लबसाठी नवं सराव केंद्रही उभं केलं. एका पोराच्या व्यवहारात क्लबची पुढची वीस वर्षं मार्गी लागली म्हणा ना.

पण इंग्लंड सोडताना त्यानं तिथल्या पत्रकारांवर तोंडसुख घेतलं आणि ते पत्रकारांनी लक्षात ठेवलं. हसायचा नाही, बोलायचा नाही, मुलाखत द्यायची वेळ आली की जमिनीकडं बघायचा. तिथल्या टॅब्लॉइडांनी त्याचं नाव पाडलं 'ल सल्क'. आपल्या भाषेत रुसूबाई. हे नाव पुढं प्रत्येक गावात त्याच्या आधी पोचायचं. आपल्याकडं शाळेत एखाद्या पोराचं टोपणनाव पडतं आणि मास्तर बदलले तरी ते हजेरीपटाला चिकटून राहतं, तसं.

माद्रिदमध्ये त्याचं बिनसलं हे मात्र खरंच. फ्रेंच मासिकाकडं कोच आणि सहकाऱ्यांविरुद्ध बोलला, सरावाला गेला नाही, क्लबनं ४५ दिवसांसाठी निलंबित केलं. माफी मागून परत आला आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही लढतींत गोल केले. रिआलनं तो कप जिंकला. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सनं युरो कप जिंकला, त्या संघातही हा होता. एकविसाव्या वर्षी एवढं सगळं खिशात असलेला माणूस अपयशी म्हणून पॅरिसला परत पाठवला जातो, हा फुटबॉलचा हिशेब मला कधी कळला नाही.

मधली गावं पटापट उरकतो. पॅरिसमध्ये कोचशी पटलं नाही. लिव्हरपूलला उसनवारीवर गेला, बरा खेळला, तरी ठेवून घेतलं नाही. मँचेस्टर सिटीत केविन कीगननं सांभाळलं, तिथं गोल केले. तुर्कस्तानात पहिल्याच मोसमात लीग जिंकली. बोल्टनसारख्या छोट्या क्लबनं त्याच्यासाठी आपली तोवरची सर्वांत मोठी रक्कम, ८० लाख पौंड, मोजली. जानेवारी २००८ मध्ये चेल्सीनं दीड कोटीला घेतला.

चार महिन्यांनी मॉस्को. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, पाऊस, १-१ बरोबरी, पेनल्टी. कप्तान जॉन टेरी पाय घसरून चुकला, ते दृश्य सगळ्यांना आठवतं. पण शेवटची चुकलेली किक अनेल्काची होती. तो जादा वेळेत बदली म्हणून आत आला होता आणि सातवा मारणारा होता. चेल्सीवाले बहुतेक एकाच बाजूला मारत आहेत हे गोलरक्षक व्हान डर सारच्या ध्यानात आलेलं होतं. अनेल्का चेंडू ठेवून उभा राहिला तेव्हा त्यानं हातानं तीच बाजू दाखवली. म्हणजे, मला माहिती आहे तू इथं मारणार. अनेल्कानं बाजू बदलली आणि व्हान डर सारनं तिकडं झेप घेऊन चेंडू अडवला. पुढच्या मोसमात हाच गडी १९ गोल करून इंग्लिश लीगमध्ये अव्वल आला, त्यापुढच्या वर्षी चेल्सीबरोबर लीग आणि कप जिंकला. लक्षात राहिली ती किक.

आता राष्ट्रीय संघाकडं येऊ. १९९८ चा वर्ल्ड कप फ्रान्समध्येच होता. २८ जणांतून शेवटी जे सहा गाळले त्यात अनेल्का. २००२ लाही नाव नाही. २००६ ला ऐनवेळी एक आघाडीवीर पाय मोडून बाहेर पडला, तरी कोच रेमों दोमेनेक यांनी दुसऱ्यालाच बोलावलं. आयुष्यातला पहिला वर्ल्ड कप त्याला मिळाला एकतिसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेत, त्याच दोमेनेकच्या हाताखाली. बरं, फ्रान्स तिथं पोचला तो आयर्लंडविरुद्धच्या प्लेऑफमधून. ऑन्रीचा हात लागलेला चेंडू जगाला आठवतो, पण डब्लिनच्या पहिल्या लढतीतला एकमेव गोल अनेल्काचा होता.

१७ जून २०१०, पोलोक्वाने, मेक्सिकोविरुद्धचा सामना. मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये कोचनं त्याला सुनावलं, जागा सोडून खाली का येतोस म्हणून. तो काहीतरी बोलला. दुसऱ्या अर्धात त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरला. फ्रान्स ०-२ हरला. १९ जूनला सकाळी फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाच्या पहिल्या पानावर कोच आणि खेळाडूचे समोरासमोर फोटो आणि मध्ये, मोठ्या टायपात, अवतरणचिन्हांत, आईवरून शिवी.

जरा इथं थांबतो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवलेलं: दुहेरी अवतरणात जे घालाल ते त्या माणसाच्या तोंडून जसंच्या तसं निघालेलं पाहिजे. आशय सांगायचा असेल तर सरळ वाक्यात सांगा, चिन्हं लावू नका. ड्रेसिंग रूमचं दार बंद होतं. आत पत्रकार नव्हता. जे बाहेर आलं ते कुणाच्या तरी तोंडून आलं.

मग तो म्हणाला तरी काय? यावर सगळ्यात मोठा साक्षीदार खुद्द दोमेनेक. २०१२ साली त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यात त्यांचं वाक्य पेपरातल्यापेक्षा वेगळं आहे. एक शिवी आहेच, पण रोख असा की तुझा हा फालतू संघ तूच चालव, मी थांबतो. आईचा त्यात उल्लेख नाही. आणि त्यांनी पुढं जे लिहिलंय ते आपल्याला बरोबर कळेल. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. दोमेनेक म्हणतात, शिवीपेक्षा त्याचं मला अरे-तुरे करणं जास्त लागलं. इंग्रजीत ही बातमी वाचणाऱ्याला यातलं काही समजायचं नाही. गावात मोठ्या माणसाला चारचौघांत 'ए' म्हटलं की काय होतं ते आपण जाणतो. कोचचा अपमान झाला हे खरंच आहे. अनेल्कानं 'तसं' म्हटलं नाही, म्हणून त्याचं बोलणं बरोबर ठरत नाही.

पण पुढं जे घडलं ते त्या वाक्यावर घडलं नाही, छापलेल्या वाक्यावर घडलं. त्याच दिवशी फ्रेंच फेडरेशननं जाहीर माफीची मागणी केली, त्यानं नकार दिला, त्याला घरी पाठवलं. कप्तान पात्रिस एव्हरा पत्रकारांसमोर म्हणाला की प्रश्न अनेल्काचा नाही, आमच्यातल्या फितुराचा आहे. २० जूनला नायस्ना गावात सराव बघायला लोक आलेले. खेळाडू आले, सह्या दिल्या, मग एव्हरा आणि फिटनेस कोच द्यूव्हर्न यांची जुंपली आणि सगळे बसमध्ये जाऊन बसले. पडदे ओढून घेतले. संघाच्या संचालकानं तिथल्या तिथं राजीनामा दिला. आणि खेळाडूंचं निषेधाचं पत्रक कॅमेऱ्यांसमोर वाचून कुणी दाखवलं? दोमेनेक यांनी! ज्याला शिवी बसली त्यानंच. पत्रकातला एक मुद्दा महत्त्वाचा होता. फेडरेशननं आम्हाला न विचारता, केवळ पेपरात आलेल्या मजकुरावर निर्णय घेतला, असं त्यात होतं. ते वाक्य त्या गदारोळात कुणी वाचलंच नाही.

मग राजकारण आलं. क्रीडामंत्री रोझलिन बाशलो खेळाडूंना झापायला गेल्या आणि नंतर संसदेत या टोळीदादांवर बोलल्या. राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी ऑन्रीला बोलावून घेतलं. संसदीय समितीनं कोच आणि फेडरेशनच्या अध्यक्षांना प्रश्न विचारले. बारा वर्षांपूर्वी याच देशानं काळे, गोरे, अरब मिळून कप जिंकला म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. आता तीच पोरं उपनगरातली गुंडं झाली. जिंकला तर आमचा, हरला तर त्रापचा. फ्रान्स शेवटच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून १-२ हरला आणि तीन सामन्यांत एक गोल, एक गुण घेऊन घरी गेला. ऑगस्टमध्ये अनेल्कावर १८ सामन्यांची बंदी. त्याला फरक पडत नव्हता, फ्रान्सकडून परत खेळायचंच नव्हतं. ६९ सामने, १४ गोल, खातं बंद.

त्यानं 'लेकिप'वर बदनामीचा दावा लावला, तो पॅरिसच्या कोर्टात फेटाळला गेला. कायद्यानं पेपर सुटला. पण कायद्यानं सुटणं आणि अवतरणचिन्ह बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं माझं मत. आणि हे फ्रान्सपुरतं नाही. तालुक्याच्या पानावर 'भर सभेत शिवीगाळ' अशी चौकट येते तेव्हा शिवी कुणी ऐकली, कुणी सांगितली, हे आपणही विचारत नाही. वाचणाराही नाही आणि छापणाराही नाही.

अनेल्काला देव करायचं कारण नाही. शांघायला पैशासाठी गेला, त्यात गैर काही नाही. पण २८ डिसेंबर २०१३ ला वेस्ट ब्रॉमकडून गोल केल्यावर त्यानं हाताची जी खूण केली ती फ्रान्समध्ये ज्यूविरोधी म्हणून बदनाम असलेली 'कनेल' होती. मित्र असलेल्या विनोदवीरासाठी केली, हा त्याचा खुलासा. तो ज्यूद्वेष्टा आहे असं आयोगानं म्हटलं नाही, पण पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंड दंड ठोठावला. मला विचाराल तर ती शिक्षा योग्य होती. ज्याचं अख्खं आयुष्य इतरांनी लावलेल्या अर्थानं पोळलं, त्याला आपल्या खुणेचा अर्थ कळू नये? क्लबशीही फाटलं आणि इंग्लंडचा दरवाजा बंद झाला.

तेव्हा तो मुंबईत आला. २०१४, आयएसएलचं पहिलं वर्ष. रणबीर कपूर मालकांपैकी एक. इंग्लंडमधली बंदी इथंही मागोमाग आली, सुरुवातीला बाहेर बसावं लागलं. संघात आर्सेनलचा जुना सहकारी ल्युंगबर्गही होता. दोघं तरुणपणी हायबरीवर एकत्र खेळलेले, आता नेरुळच्या दमट हवेत भेटले. केरळा ब्लास्टर्सला १-० हरवलं तो गोल अनेल्काचा. संघ मात्र आठांत सातवा. २०१५ ला त्यालाच खेळाडू आणि कोच दोन्ही केलं. ज्याचं जवळजवळ प्रत्येक कोचशी वाजलं तो कोच! सुनील छेत्रीनं त्या मोसमात हॅटट्रिक केली, आयएसएलमधली भारतीयाची पहिली. आणि गोव्यात जाऊन याच संघानं सात गोल खाल्ले, ०-७. शेवटी सहावा नंबर. ड्रेसिंग रूममध्ये त्यानं कुणाला काय सुनावलं, ते बाहेर आलं नाही. आलं असतं तर छापलं असतंच.

त्यानंतर तो व्यावसायिक सामना खेळला नाही. पुढच्या मोसमात मुंबईनं दिएगो फोर्लानला आणलं. २०१० ला फ्रान्सचा पहिला सामना उरुग्वेशी झाला, ०-० सुटला, त्यात एका बाजूला अनेल्का होता आणि दुसऱ्या बाजूला हा. फ्रान्स बसमध्ये पडदे लावून बसला होता तेव्हा फोर्लान स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होण्याच्या वाटेवर होता. अर्जेंटिना, इंग्लंड, स्पेन, इटली, ब्राझील, जपान, मग घरी उरुग्वे आणि तिथून मुंबई. पाणी त्यानंही कमी प्यायलेलं नाही. पण त्याच्यावर सवडीनं वेगळं लिहीन.