१ सप्टेंबर १९४० : मुंबईचे घरभाडे गोठवणारी तारीख

१/ अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, अनामत रक्कम, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. एखादा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सामान्य घरमालकाला या गोष्टी आज केवळ कागदी सोपस्कार वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील सुमारे शतकभराचा संघर्ष आहे. त्या संघर्षाच्या मध्यभागी एक तारीख आहे : १ सप्टेंबर १९४०.

२/ आरंभ त्याच्याही आधीचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत कामगारांची गर्दी वाढली, नवे बांधकाम रोडावले आणि भाडी चढू लागली. १९१८ साली सरकारने भाडेनियंत्रण आणले आणि १ जानेवारी १९१६ चे भाडे आधारभूत मानले. हा उपाय युद्धकालापुरता होता. १९२० चे दशक सरता सरता तो मागे पडला.

३/ दुसऱ्या महायुद्धात तीच टंचाई परतली. पुढे फाळणीनंतरच्या निर्वासितांची तीत भर पडली. या पार्श्वभूमीवर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचे जे भाडे होते, ते तिचे ‘प्रमाण भाडे’ ठरले. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेला तिचे पहिले भाडे लागू झाले.

४/ हा कायदाही मुदतीचाच होता. परंतु मुदत संपत आली की ती वाढवली जाई. असे करता करता तात्पुरती व्यवस्था पन्नास वर्षे टिकली. महापालिकेच्या करातील वाढीसारख्या मोजक्या बाबी घरमालकाला भाडेकरूकडून घेता येत. मूळ भाडे मात्र जागचे हलत नसे.

५/ या कायद्याने लाखो कुटुंबांना आधार दिला, हे प्रथम नोंदवले पाहिजे. भाडेकरू प्रमाण भाडे भरण्यास तयार असेल, तर केवळ मालकाच्या इच्छेने त्याला बाहेर काढता येत नसे. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतील अनेक घरे डोक्यावरच्या या स्वस्त छपरामुळे तगली.

६/ दुसरी बाजू छोट्या मालकाची. समजा, एखाद्याची वीस खोल्यांची चाळ आहे आणि दर खोलीचे भाडे दहा रुपये. महिन्याचे उत्पन्न २०० रुपये. १९४० साली त्यात डागडुजी भागून चार पैसे उरत. १९८० च्या दशकात त्याच २०० रुपयांत गवंड्याची काही दिवसांची मजुरीही सुटणे कठीण. तरीही इमारत राहण्यायोग्य ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावरच होती.

७/ स्वतःच्या मुलासाठी खोली हवी असली, तरी लघुवाद न्यायालयात खरी गरज सिद्ध करावी लागे. खोली रिकामी केल्याने मालक आणि भाडेकरू यांपैकी कोणाची अडचण अधिक होईल, हेही न्यायालय तोलून पाही. असे दावे वर्षानुवर्षे चालत.

८/ भाडे गोठले, पण जागेची खरी किंमत गोठली नाही. दोहोंतील तफावतीतून पागडी फोफावली. नवा भाडेकरू जुन्याला मोठी रक्कम देई. भाडेपावतीवर नवे नाव चढवण्यासाठी मालक त्यातला वाटा, बहुधा एक तृतीयांश, घेई. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरवला होता. त्यामुळे सारा व्यवहार रोखीत आणि बिनपावतीचा.

९/ काही मालकांनी वेगळी वाट काढली. ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळून त्यांनी १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातील ‘लायसन्स’चा, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीचा, आधार घेतला. १९७३ साली विधिमंडळाने हीही वाट अडवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर ताब्यात असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यानंतर भाड्याने देण्यापेक्षा घराला कुलूप लावून ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटू लागले.

१०/ इकडे जुन्या इमारती खचत होत्या. १९६९ च्या कायद्याने सरकारने उपकर लावून दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे घेतली. आज हे काम म्हाडाच्या छत्राखाली चालते. मुंबई शहरातील १९,६४२ इमारती मुळात उपकरप्राप्त ठरल्या. त्यांपैकी सोळा हजारांहून अधिक इमारती ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. तारीख पुन्हा तीच.

११/ १९८६ च्या दुरुस्तीने अशा इमारती मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी संपादित करण्याची तरतूद आली. दहा रुपयांच्या खोलीचे हजार रुपये! मालकांच्या संघटनेने आव्हान दिले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला : प्रत्येक खासगी मालमत्तेला ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ म्हणता येत नाही.

१२/ भाड्याच्या प्रश्नाला कलाटणी मात्र आधीच मिळाली होती. डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत संपत आली असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. नव्या कायद्याची अपेक्षा ठेवली.

१३/ महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मालकाला भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीचा हक्क मिळाला. पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर निवासी जागा परत मिळण्याची हमी आली. जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

१४/ अकरा महिन्यांचे गूढही येथेच उलगडते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती टाळण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने मुदत कितीही असो, लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली. कारण संपले, सवय उरली.

१५/ नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पागडीच्या बिनपावती व्यवहारांनी जे अविश्वासाचे वातावरण निर्माण केले, त्यावर कायद्याने शोधलेला हा उतारा.

१६/ आजच्या छोट्या घरमालकासाठी या इतिहासाचा अर्थ व्यवहारी आहे. भाडेवाढ करारात आधीच लिहावी. दुरुस्ती कोणी करायची हे स्पष्ट करावे आणि भाड्यातून तिच्यासाठी दरमहा रक्कम बाजूला काढावी. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. मुदत संपण्यापूर्वीच नवा करार नोंदवावा.

१७/ भाडेकरूलाही या इतिहासातून एक गोष्ट कळते. जे भाडे इमारतीची डागडुजी भागवू शकत नाही, ते फार काळ स्वस्त राहत नाही. उरलेली किंमत गळक्या छतातून आणि टेकू लावलेल्या जिन्यांतून वसूल होते. गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांत असे टेकू आजही दिसतात. त्या इमारतींतील पहिल्या भाडेकरूंची नातवंडे आता पुनर्विकासाच्या करारांवर सह्या करीत आहेत.