भावंडांच्या जिवावर जगणारी गाडी

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण "किती देते?" असं विचारणाऱ्यांसाठी नाही. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

प्रश्न असा : जुनी स्पोर्ट्स कार आपल्यासारख्या गावात, घराच्या अंगणात, स्वतःच्या हातानं चालती ठेवता येते का? मी पेणला राहतो, आठवडाभर लॅपटॉपवर कोड लिहितो आणि रविवारी रोह्याला मामाकडे जातो. मामाच्या पडवीत १९८८ ची प्रीमियर ११८ एनई आहे. "ही कसली स्पोर्ट्स कार?" असं म्हणणाऱ्यांना आधीच हात जोडतो. दिसायला ती चौकोनी डबा आहे, मान्य. पण तिचं खानदान ऐका, मग बोलू.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ अशा गाड्या, मग फियाट. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की नुसते परदेशी सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथं जागा नाही, गाडी टप्प्याटप्प्यानं इथंच बनवायची. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. त्यानंतर तीस वर्षं आपल्या रस्त्यावर मुख्यतः तीनच मोटारी : अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड.

या काळाला आपण नावं ठेवतो आणि ते बरोबरच आहे. फियाटसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. पण एक गोष्ट आपोआप घडली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ ची पद्मिनी. नावं बदलली, पण १०८९ सीसीचं इंजिन तेच. त्यामुळे पेणच्या मेकॅनिकला जे माहीत, ते रोह्याच्यालाही माहीत. सुटा भाग वडखळ नाक्यावर नाही मिळाला, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसला नक्की मिळणार. गाडी साधी होती, आणि तिची माहिती तालुक्या-तालुक्यात मुरली होती.

आता स्पोर्ट्स कारकडे येऊ. परदेशी आयात जवळपास बंद, त्यामुळे ज्यांना वेगाची हौस होती त्यांनी याच साध्या गाड्या कापल्या, हलक्या केल्या, कार्ब्युरेटर बदलले आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पळवल्या. यात स्टँडर्ड हेरल्डची गोष्ट मला फार आवडते. १९६१ पासून मद्रासला बनलेली ही गाडी वेगळ्या चॅसीवर उभी आहे. पूर्ण बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, म्हणजे चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं! आणि ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्रजांची लाडकी दोन सीटर स्पोर्ट्स कार याच हेरल्डची चॅसी आखूड करून काढलेली.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. स्पोर्ट्स कार घरी जगते की नाही, हे तिच्या गरीब भावंडांवर ठरतं. भावंडं रस्त्यावर असतील तर तिला पाना लावणारा माणूसही असतो. उलटं उदाहरण सॅन स्टॉर्मचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे निघालेली खरीखुरी दोन सीटर, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. फायबर गंजत नाही, म्हणजे कोकणासाठी एकदम बेस्ट. पण ते इंजिन त्या काळी आपल्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्या गाडीत नव्हतं. दिसायला देखणी, पण नात्यागोत्याचं कोणी नाही.

मामाची ११८ एनई नेमकी याच्या उलट. १९८५ मध्ये आलेल्या या गाडीची बॉडी मूळ फियाट १२४ ची. इटलीत १९६६ ला आलेली १२४ पुढच्याच वर्षी युरोपची कार ऑफ द इयर ठरली. तिच्यावरून रशियात लाडा निघाली, स्पेनमध्ये सिआट १२४ निघाली. स्पेनमध्ये उत्पादन थांबल्यावर तिथली यंत्रसामग्री प्रीमियरनं विकत आणली. आणि १२४ चाच तळ आखूड करून फियाटनं १२४ स्पोर्ट स्पायडर बनवली, जिनं १९७२ ची युरोपियन रॅली चॅम्पियनशिप मिळवून दिली. म्हणजे पडवीतला चौकोनी डबा हा त्या स्पायडरचा सख्खा चुलतभाऊ.

नावातल्या एनईचा अर्थ निसान इंजिन. ११७१ सीसीचं ए-१२, जे जपानमध्ये डॅटसन १२०० मध्ये बसायचं आणि तिथल्या १३०० सीसी गटाच्या शर्यती गाजवायचं. हेच इंजिन जपानच्या सनी ट्रकमध्ये १९९४ पर्यंत होतं, आणि याच कुळातलं इंजिन दक्षिण आफ्रिकेच्या पिकअपमध्ये २००८ पर्यंत. त्यामुळे गॅस्केट, पिस्टन रिंगा आजही परदेशातून मागवता येतात. आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनीही ११८ एनई भरपूर पळवली, ती काही उगाच नाही.

बरं, अंगणात काम काय काय निघतं? इंजिनचं फार नाही. टॅपेटचं अंतर इंजिन गरम असताना ०.३५ मिलिमीटर, फिलर गेज लावून बघायचं, तासाभराचं काम. गाडी झटके खायला लागली की मी लगेच कार्ब्युरेटरकडे वळतो, आणि मामा तिथूनच ओरडतो, "बाळा, आधी पॉइंट बघ. कार्ब्युरेटर कुठं पळून जात नाही." नव्वद टक्के वेळा पॉइंटच असतो. डीबगिंगचं हे शिक्षण मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात दिलं नव्हतं.

खरा शत्रू पत्रा. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. पेणच्या खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. दरवाजाखालचे पट्टे, मागच्या चाकांच्या कमानी आणि गालिच्याखालची जमीन आतून गंजत जाते, वरून रंग मात्र चकाचक. म्हणून दर सप्टेंबरात गालिचे काढायचे, पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करायची, गाडी घोडीवर घेऊन खालून बघायचं. (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. हे दोनदा वाचा.) इथं आपल्या गावांचा फायदा होतो. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीमुळे चांगले वेल्डर आणि लेथवाले हाताशी आहेत. आणि पेणमध्ये गणपतीचे कारखाने : मूर्ती रवाना झाल्या की स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर रिकामे असतात. मामाच्या गाडीचा प्रायमर अशाच एका कॉम्प्रेसरनं मारलाय.

दुसरी नवी कटकट पेट्रोलची. फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी मिसळलेला थर साचू शकतो. म्हणून आम्ही पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे बसवले आणि जूनच्या आधी टाकी रिकामी करतो.

हे सगळं हातानं होतं. हाताबाहेरचं आहे ते कागदाचं. पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आमच्या जिल्ह्याचं एमएच-०६ चं ऑफिस पेणलाच. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीला ६०० रुपये लागायचे, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाले. दुसऱ्या बाजूला २०२१ च्या नियमांनी विंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, नंबरात व्हीए अक्षरं, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी, की पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही.

आता हिशोब करा. १९८८ ची गाडी, ५० वर्षं होणार २०३८ ला. वीस ते पन्नास या वयातली गाडी सरकारच्या नजरेत नुसती म्हातारी, वारसा नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सींचं तेच झालं. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची, वीस वर्षांची मर्यादा, ऑक्टोबर २०२३ ला खेळ खलास. चालतेय की नाही, हे कुणी विचारलं नाही. प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे, रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या जुन्या टॅक्सीला नियम हवेतच. पण महिन्यात दोनदा कोलाडपर्यंत जाणाऱ्या गाडीला तोच न्याय लावणं मला पटत नाही.

आणि ती मूळ रूपाची अट घरच्या दुरुस्तीवर थेट येऊन पडते. गंजलेला पट्टा कापून नवा पत्रा लावला, तर ती दुरुस्ती की फेरबदल? ए-१२ काढून मारुतीचं इंजिन बसवणारे बरेच आहेत; स्वस्त पडतं, पार्ट कोपऱ्यावर मिळतात. मामालाही दोघांनी हेच सुचवलं. मामा नाही म्हणाला. म्हणून आता प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो, जुन्या पट्ट्याची मापं, बिलं, सगळं मी एका फोल्डरमध्ये तारीखवार ठेवतो. मागच्या डाव्या कमानीचं काम गणपतीनंतर काढायचंय. नूतनीकरण २०२८ ला, मग २०३३ ला, आणि मग २०३८. मामा तेव्हा ८१ वर्षांचा असेल.