संपाला आधी पद लागतं

शाळेचा शिपाई संपावर जातो, तेव्हा त्याची ताकद कशात असते? पदात! १४ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस टिकला, कारण ती माणसं सरकारच्या पगारपत्रकावर होती.

११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतलं हे पदच टप्प्याटप्प्याने संपवलं. सध्याचा शिपाई निवृत्त झाला, की शाळेला फक्त 'शिपाई भत्ता': मुंबई-पुण्यात महिना १०,००० रुपये, इतर महापालिकांत ७,५००, बाकी ठिकाणी ५,०००. म्हणजे नागपुरातून मिहानकडच्या खेड्यात गेलात, की काम तेच, पैसे २,५०० ने कमी.

मार्च २०२३ मध्ये शिक्षक-शिक्षकेतर जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर होते. आता सांगा, भत्त्यावरच्या शिपायाने कोणती पेन्शन मागायची? आणि कोणाकडे?