हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत, उच्च रक्तदाब किंवा झडपेचा दोष असे कोणतेही पुरेसे कारण नसताना जाड होते, तो हा आनुवंशिक विकार. प्रौढांत 15 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाडी आढळली की निदान होते. घरात आधीच रुग्ण असेल तर 13 मिलिमीटरही पुरतात. प्रमाण सुमारे 500 माणसांत एक, म्हणजे दुर्मीळ म्हणावे असे नाही. लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टीअर यांनी 1958 मध्ये या विकाराचे जे वर्णन केले ते तरुणांच्या शवविच्छेदनावरून. आजाराची ओळख अशी शवागारात झाल्यामुळे त्याच्या नावाला मृत्यूची सावली चिकटली. पुढे मोठ्या रुग्णालयांनी वर्षाला 3 ते 6 टक्के मृत्यूंचे आकडे दिले. पण तिथे पोचत होते ते मुळातच गंभीर रुग्ण. सरसकट रुग्ण पाहिले आणि उपचार सुधारले, तेव्हा तो आकडा एका टक्क्याच्या आत आला. तेव्हा हा विकार जन्मभर सांभाळण्याचा आहे, आणि सांभाळायचे ते एका हृदयाला नव्हे, कुटुंबाला.

याचा आधार जनुकशास्त्रात आहे. 1990 मध्ये एका कॅनडियन कुटुंबात मायोसिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला. नंतर स्नायूच्या आकुंचनाशी संबंधित इतर जनुकेही पुढे आली. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र एकच दोष असलेल्या दोन भावांपैकी एकाची भिंत तिशीतच जाड होते, तर दुसऱ्याची साठीतही साधी राहते. म्हणूनच एकदा तपासणी करून भागत नाही. सर्वसाधारणपणे मुलांची दर एक-दोन वर्षांनी, प्रौढांची तीन-पाच वर्षांनी ईसीजी आणि टू-डी इको ही तपासणी करावी लागते.

धडधाकट भावंडांना रुग्णालयाची वाट का दाखवायची, लग्नाच्या बाजारात त्यांच्यावर शिक्का बसेल, हा आक्षेप पोकळ नाही. पण रुग्णाच्या जनुकीय चाचणीत रोगकारक बदल निश्चित सापडला, तर ज्या नातेवाइकांत तो नाही त्यांची पुढची सगळी तपासणी सुटते. चाचणीचा हा फायदा क्वचितच कोणी सांगतो. बदलाचा अर्थच संदिग्ध असेल, तर त्यावरून नातेवाइकांना कोणताही निकाल देऊ नये. मग सगळ्यांचीच जनुकीय चाचणी का नको? 2009 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या अभ्यासात एमवायबीपीसी3 या जनुकातील 25 अक्षरांची गळती भारतीय उपखंडातील सुमारे 4 टक्के लोकांत दिसली. उतारवयात हृदय दुबळे होण्याशी तिचा संबंध आढळला, परंतु ती बाळगणाऱ्या बहुतेकांना गंभीर विकार नसतो. घरात रुग्ण नसताना अशी चाचणी केली तर हाती भीती येते, निर्णय येत नाही. सुरुवात रुग्णापासून करावी आणि तिथून नात्यांच्या फांद्यांवर जावे.

उपचारांत दोन खालच्या कप्प्यांमधला जाड पडदा रक्ताची वाट अडवतो की नाही हा पहिला प्रश्न. अडवत असेल आणि धाप, छातीत दुखणे, भोवळ असा त्रास असेल, तर बीटा-ब्लॉकर किंवा व्हेरापामिल. 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मावाकॅम्टेन हे औषध अतिआकुंचन कमी करते, पण पंपाचा जोर घटवू शकत असल्याने इकोची देखरेख लागते. औषधांनी भागले नाही तर शस्त्रक्रियेने पडद्याचा भाग काढतात किंवा अल्कोहोल टोचून तो आक्रसवतात. आपल्याकडे एक धोका विशेष आहे: छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट. अडथळा असलेल्या रुग्णात ती गोळी रक्ताची वाट आणखी अरुंद करते. निर्जळी उपवास आणि जुलाबाने शरीरातले पाणी घटले तरी तेच. उलट, व्यायाम पूर्ण बंद करण्याचा जुना हुकूम आता टिकत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जोमाचा व्यायाम करणाऱ्या रुग्णांत गंभीर घटना मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळल्या नाहीत. अर्थात ती मुभा तज्ज्ञाच्या तपासणीनंतरची, मैदानावर उतरून स्वतः घ्यायची नव्हे.

आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी छातीत बसवायचे आयसीडी यंत्र कोणाला द्यायचे, हे ठरवताना 30 मिलिमीटर जाडी, कारण न सापडलेली बेशुद्धी यांच्याबरोबर जवळच्या नात्यातला तरुण वयातला आकस्मिक मृत्यूही मोजला जातो. इथेच घरची माहिती तोकडी पडते. असा प्रत्येक मृत्यू आपण ‘अटॅक’ म्हणून मिटवतो, आणि वंशावळ विचारली की वडिलांकडची माणसे आठवतात. आजोळकडची मात्र राहून जातात. दोष तर आईकडूनही तितकाच येतो.